मॅक अंकलचं लिंबू

मच्छिंद्र खरातने आइस हॉकीचा एकही सामना पाहिलेला नव्हता, आणि तरीही आखातातल्या, अल मुंतझा भागातल्या त्याच्या खोलीत आइस हॉकीवर शेवटचा शब्द त्याचाच असे. यात काही विसंगती आहे असं त्याला स्वतःला कधी वाटलं नाही. देव तरी कोणी पाहिलाय, असा त्याचा एकंदर आविर्भाव.

तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीची मिनीबस चालवायचा, आणि ती मिनीबस एका कॉलेजच्या मुलींच्या आइस हॉकी संघाला दिलेली होती. वाळवंटात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या पोरी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपली चेष्टा चाललीय असंच त्याला वाटलं होतं. पण खरोखरच एका मॉलच्या पोटात बर्फाचं मैदान होतं, आणि तिथे या पोरी पायांत पाती बांधून पळायच्या. सामने फक्त बायकांसाठी असत. काचांना आतून पडदे, दाराशी एक पहारेकरी, प्रेक्षकांत आया, मावश्या आणि मैत्रिणी. प्रशिक्षक बाई, पंच बाई, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवणारीही बाईच. पुरुषाने दारापर्यंत यायचं आणि तिथून माघारी फिरायचं. मच्छिंद्र माघारी फिरून बसमध्ये बसायचा आणि पोरी बाहेर आल्या की त्यांच्या चेहऱ्यांवरून, बॅगा आदळण्याच्या आवाजावरून आणि "अंकल, एसी फुल!" या आरोळीच्या जोरावरून आत काय झालं असेल ते ताडायचा.

ताडण्यासारखं फारसं काही नसे. पोरी जिंकलेल्याच असत. 'सँड कॅट्स' असं संघाचं नाव; मच्छिंद्र त्यांना "आमच्या मांजरी" म्हणे. लीगमध्ये संघ चारच, आणि उरलेल्या तिघांची या मांजरींनी उंदरासारखी गत करून टाकली होती. कधी नऊ-शून्य, कधी अकरा-शून्य. गोऱ्या मडमांच्या एका संघातल्या दोघीतिघी तर म्हणे सामन्याच्या दिवशीच नेमक्या आजारी पडू लागल्या होत्या.

संध्याकाळी खोलीवर मग त्याचं कीर्तन चाले. खोलीत सहा जण, बंक बेडवर. खालच्या बेडवरचा शिवराज हा सांगलीकडचा एसी मेकॅनिक. त्याचा कशावरच विश्वास नव्हता आणि मच्छिंद्रवर तर मुळीच नव्हता.

"बरं, आज गोल झाला कसा?" शिवराज मुद्दाम विचारायचा.

"कसा म्हणजे? आपली सोनम, ती लडाखची, लहानपणापासनं गोठलेल्या तळ्यावर खेळलेली. तिनं डाव्या अंगानं पट काढला. समोरची पडली चितपट. तवर मैमुना आली मागनं. तिनं ढाक लावली आणि टाकली सोंगटी जाळ्यात!"

"हॉकीत पट काढत्यात?"

"तू बघितलीयस?"

"तू बघितलीयस?"

इथे संवाद संपायचा. मच्छिंद्र तरुणपणी गावच्या तालमीत लोळलेला होता, त्यामुळे जगातला कुठलाही खेळ त्याच्या डोक्यात शिरला की कुस्ती होऊनच बाहेर पडायचा.

त्याचं लिंबू मात्र कुणाच्या चेष्टेला बधत नव्हतं. पहिल्या वर्षी बस नवीन आली तेव्हा त्याने रीतीप्रमाणे पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी काढली. फट् आवाज झाला. आत बसलेल्या पोरी दचकल्या. त्या पोरी तोवर ओळीने सगळे सामने हरत आल्या होत्या. त्या दिवशी जिंकल्या. संघाची कप्तान मैमुना ही सुदानी बापाची, उंच, गंभीर पोरगी. पुढच्या सामन्याला ती बसच्या पायरीवर पाय ठेवून थांबली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. शेजारी नुपूर होती. पुण्याच्या इंजिनियरची मुलगी, मराठी सगळं समजणारी पण स्वतः मराठी न बोलणारी. तिने मच्छिंद्रला मोडक्या हिंदीत समजावलं, की कप्तान विचारतेय, ते पिवळं फळ कुठे आहे?

तेव्हापासून तो नेम झाला. सामन्याच्या दिवशी मच्छिंद्र मुंतझातल्या मल्याळी किराणा दुकानातून लिंबू निवडून आणायचा. मोठी परदेशी लिंबं नुसती पचकतात. लहान, पातळ सालीचं, रसाने तट्ट फुगलेलं हवं. सगळ्या पोरी चिडीचूप बसायच्या. फट् झालं की मैमुना ओरडायची, "लिंबू!" आणि उरलेल्या सगळ्या जणी छप्पर उडेल असं किंचाळायच्या, "यल्ला!" म्हणजे अरबीत, चला! त्या आरोळीत त्या पोरींचे धर्म, देश, बापांचे पगार सगळं विरघळून जायचं, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या मच्छिंद्रची छाती इतकी फुगायची की सीटबेल्ट तंग व्हायचा. आयुष्यात आजवर त्याच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. शेत थोरला भाऊ बघत होता, घर बायको शालू बघत होती, कंपनीत ड्रायव्हर पन्नास. या एका ठिकाणी मात्र मॅक अंकल लागायचेच. मच्छिंद्र हे नाव त्या पोरींच्या तोंडात मावत नसल्याने त्यांनी त्याचा मॅक करून टाकला होता.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखंच होतं.

मार्च महिन्यात बार्शीच्या पलीकडे त्याच्या गावी आई पडली. लक्ष्मीबाई. न्हाणीतून बाहेर येताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. या वयात ऑपरेशन नको म्हणाले डॉक्टर. तिला घरी आणून खाटेवर निजवलं. मच्छिंद्रने रजा मागितली. सुपरवायझर हरिदास हा केरळचा, मायाळू माणूस. त्याने रजा लगेच मंजूर करून आणली. आता निघायचं, एवढंच उरलं होतं.

नेमका तेव्हाच बसमध्ये एक शब्द घुमू लागला. प्लेऑफ. सेमीफायनल आणि मग फायनल, दोन सामने. मच्छिंद्रने भीत भीत नुपूरला सांगितलं, की मी गावी चाललोय, दुसरा ड्रायव्हर येईल. मग पोरींनी त्याला घेरलं. मैमुनाने हात जोडले. तिच्या धर्मात ते बसत नव्हतं, पण मच्छिंद्रच्या धर्मात बसतं एवढं तिला ठाऊक होतं. "अंकल, प्लीज. ओन्ली टू मॅचेस."

आई आजारी आहे, हे त्याने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पोरींनीच त्याला उचलून विमानात बसवलं असतं. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने गावी फोन लावला. आईच्या कानाशी धनाजीने, थोरल्या भावाने, मोबाइल धरला.

"आई, जरा उशीर हुईल. प्लेऑफ हाय."

"कुणाला?"

"पोरींना. शेवटचं सामनं असत्यात ते."

"बर्फावर पळत्यात त्याच ना रं पोरी?" लक्ष्मीबाईंना त्या पोरींची नेहमीच काळजी. "पायात काय घालत्यात? थंडी बाधंल की."

"पाती असत्यात आई पायात. आणि मोजं."

"दोन-दोन घाला म्हणावं." त्या दमल्या. मग म्हणाल्या, "हूं दे त्यांचं. मग ये."

लक्ष्मीबाईंना थंडीचं भारी वावडं. ऐन वैशाखातही रात्री अंगावर गोधडी लागायची. पंख्याखाली कधी बसल्या नाहीत. मच्छिंद्रने पहिल्या वर्षी सूक वाकिफच्या बाजारातून त्यांच्यासाठी मऊ ब्लँकेट नेलं, तेव्हा त्यांनी ते गोधडीच्या आत घेतलं, वर नव्हे. म्हणाल्या, "ह्याच्यावर गोधडी पायजेच की."

धनाजीने मोबाइल परत आपल्या कानाला लावला. "मच्छ्या, खरं सांग. तू थांबलायस कशापायी?"

"दादा, गाडी मलाच लागती त्यांना. दुसऱ्याच्या हातनं जमत न्हाई."

"गाडी चालवाय जमत न्हाई? समद्या दुनियेत?"

"लिंबाचं असतंय जरा."

धनाजी म्हणाला, "तुझ्या लिंबाला माझा रामराम सांग," आणि फोन ठेवला.

दोन सामने म्हणजे दोन-चार दिवसांचं काम, असा मच्छिंद्रचा हिशेब होता. पण मांजरींच्या दहशतीने घात केला. सेमीफायनलला समोर येणाऱ्या संघाच्या पोरीच पुऱ्या पडेनात. कुणाची परीक्षा निघाली, कुणाचा हात मुरगळला. सामना पुढे गेला. मग पुन्हा पुढे गेला. दर वेळी मच्छिंद्र तिकीट बदलायचा आणि दर वेळी हरिदास विचारायचा, "मच्छिंद्रभाई, माँ कैसी है?" आणि मच्छिंद्र म्हणायचा, "ठीक है." एप्रिल उजाडला. शेवटी सेमीफायनल झाली. चाकाखाली लिंबू फुटलं, बारा-शून्य. फायनल शनिवारी दुपारी ठरली आणि मच्छिंद्रने त्याच रात्रीचं मुंबईचं तिकीट पक्कं केलं. बॅग भरली. आईसाठी लोकरीचे पायमोजे घेतले, दोन जोड.

शनिवारी पहाटे धनाजीचा फोन आला.

"मच्छ्या. आई गेली रं."

मच्छिंद्र बंक बेडच्या शिडीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. खाली शिवराज जागा झाला होता. मच्छिंद्रकडे एकदा बघून तो उठून बसला आणि शिडीवरून उतरायला त्याने हात पुढे केला.

"ऐकतूयस का? आईला तुझ्याच हातनं अग्नी," धनाजी म्हणत होता. त्यांच्याकडे रीत होती. बापाला थोरल्याने, आईला धाकट्याने. बापाला धनाजीने दिला होता. आईचा हक्क मच्छिंद्रचा. "तू येतूस तवर ठेवतो तिला. बार्शीहून बर्फाच्या लाद्या आणाय पोरं गेलीत. ऊन लई हाय हितं. पण ठेवतो. तू ये."

"येतो," मच्छिंद्र म्हणाला. "थांबा. मी येतो."

रात्रीच्या आधी विमान नव्हतं. हरिदासने सगळीकडे फोन केले, जागा नव्हती. "तुम आज छुट्टी लो," तो म्हणाला. "मैं दूसरा ड्रायव्हर भेजता हूँ." मच्छिंद्रने नकारार्थी मान हलवली. दिवसभर त्या खोलीत, भरलेल्या बॅगेशेजारी बसून त्याने करायचं काय? हात स्टिअरिंगवर असले तर रात्र तरी गाठता येईल. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, जिथे माणूस स्वतःलाही फारसं जाऊ देत नाही, तिथे एक विचार होता, की ज्याच्यासाठी थांबलो, ते तरी पुरं करून जावं.

किराणा दुकानात सवयीने त्याचा हात लिंबांच्या टोपलीत गेला. एक निवडलं. आणि मग त्याला आठवलं.

सुतक.

आई घरात निजलेली, आणि आपण शुभ कामाला हात लावायचा? या हाताने चाकाखाली लिंबू ठेवलं तर पोरी हरतील, नाहीतर त्याहून वाईट, वाटेत गाडीला काहीतरी होईल. न ठेवावं तर पोरी विचारणार. विचारलं तर सांगावं लागणार. सांगितलं तर फायनलला जाणाऱ्या बसमध्ये वीस पोरी रडणार. नुपूरला ठेवायला सांगावं तर ती मराठी पोरगी. का, ते तिला विचारावंही लागणार नाही.

कॉलेजच्या फाटकाशी पोरी चढल्या. चिडीचूप बसल्या. मच्छिंद्र खाली उतरला, चाकाशी वाकला, आणि लिंबू खिशातच राहू देऊन त्याने कचऱ्यातला ज्यूसचा रिकामा खोका चाकाखाली सरकवला. त्यात फुंकर मारून तो आधी टम्म फुगवायला विसरला नाही. फसवायचं तर नीट फसवावं, एवढा नेटकेपणा त्याच्यात त्या दिवशीही शिल्लक होता.

फट्!

"लिंबू!" मैमुना ओरडली.

"यल्ला!"

मच्छिंद्रने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याची छाती या खेपेला फुगली नाही.

मॉलच्या मागच्या दाराशी पोरी उतरून आत गेल्या. तो बसमध्ये बसून राहिला. धनाजीचा फोन दोनदा आला. लाद्या पोचल्या. तिला पडवीत ठेवलंय, खाली लाद्या, वर लाद्या, भोवती भुसा. पाणी उंबऱ्यातून अंगणात चाललंय. म्हातारी माणसं कुरकुर करतायत, की एवढं थांबवू नये. "पण मी कुणाचं ऐकत न्हाई," धनाजी म्हणाला. "तिनं समद्यात शेवटी तुझंच नाव घेतलं. तुझं आणि त्या पोरींचं, की झालं का म्हणं त्यांचं."

मच्छिंद्रने खिशातलं लिंबू काढून तळहातावर ठेवलं. साबूत, तट्ट फुगलेलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की आत पोरींनी हरावं असं आपल्याला वाटतंय. त्या हरल्या, तर लिंबाला अर्थ होता. लिंबाला अर्थ होता, तर त्याच्या थांबण्याला अर्थ होता. त्या हरल्या, तर निदान धनाजीला तसं सांगता येईल. गेले कित्येक दिवस ज्या पोरी जिंकाव्यात म्हणून तो आईला थांबवत आला होता, त्याच पोरींसाठी तो आता बसमध्ये बसून पराभव मागत होता. मग त्याला स्वतःचीच शरम वाटली, आणि तरीही तो मागत राहिला.

दार उघडलं. आधी आवाज आला, मग पोरी. नऊ-शून्य. मैमुनाच्या डोक्यावर करंडक, सोनमच्या कपाळावर टेंगूळ, नुपूर हसतेय आणि रडतेय. "लिंबू! लिंबू! लिंबू!" असा एका सुरात गजर करत त्या बसकडे धावत आल्या.

मच्छिंद्रने लिंबू पुन्हा खिशात सारलं आणि त्यावर मूठ आवळली.

लिंबाशिवाय जिंकल्या. कशानेच काही फरक पडणार नव्हता. मार्चमध्ये निघाला असता तरी बारा-शून्य झालं असतं, आज नऊ-शून्य झालं असतं, आणि तो आईच्या खाटेशी बसून तिच्या पायांत मोजे चढवत असता.

"अंकल, कम!" मैमुनाने त्याचा हात धरला. प्रेक्षक गेले होते, आता फोटो होते, आणि मॅक अंकलशिवाय फोटो होणार नव्हता. पहारेकऱ्याने आत वळून पाहिलं, मान डोलावली. तीन वर्षांत पहिल्यांदा मच्छिंद्र त्या दारातून आत गेला.

आत तालमीसारखं काही नव्हतं. नुसता पांढरा, ओरखडलेला, प्रचंड मोठा बर्फ. त्यावरून वाफेसारखं काहीतरी सरपटत होतं. कडेला पोचल्यावर मच्छिंद्रने वाकून बूट काढले.

"अंकल, शूज! कीप शूज!" पोरी हसायला लागल्या. पण कुठल्याही फडावर पायताण घालून न उतरलेल्या माणसाला ते कळलंच नाही. तो मोज्यांनी बर्फावर उतरला. एक पाऊल, दुसरं पाऊल. मोजे लगेच ओले झाले. थंडी तळव्यांतून वर चढली, घोट्यांत, पिंढऱ्यांत, हाडांत. एवढी थंडी असते बर्फाची, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या कुस्त्यांमध्ये ती कधी आलीच नव्हती.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तळहात बर्फावर टेकला. टेकवून ठेवला. हात आधी दुखला, मग जळला, मग बधिर झाला.

हसणं थांबलं. नुपूर बर्फावर बुटांनी जपून सरकत त्याच्यापाशी आली आणि खाली वाकली.

"काका," ती म्हणाली. आजवर ती त्याच्याशी मराठीत बोलली नव्हती. "काका, काय झालं?"

मच्छिंद्रने तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने त्याने मोबाइल काढला आणि धनाजीला लावला.

"दादा, काढ तिला."

"काय?"

"त्या लाद्यांवरनं काढ तिला. आत्ता काढ. थांबू नगा माझ्यासाठी."

"आरं, एक रात काढायची फकस्त! उद्या दुपारच्याला पोचतूस की तू. तुझा हक्क हाय तो. ठेवतो आम्ही, मी सांगतो ना..."

"तिला थंडी सोसत न्हाई, दादा."

पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"आता काय सोसायचं राहिलंय तिला, खुळ्या," धनाजी म्हणाला. "आईला धाकट्यानंच द्यायचा असतो."

"तू दे. मी सांगतोय, तू दे. अंगावर गोधडी घाल, आणि मग ने."

धनाजीने पलीकडे कुणाला तरी गोधडी आणायला सांगितलं. मग धनाजी म्हणाला, "सावडायला तरी ये."

"येतो."

मच्छिंद्र उठला तेव्हा त्याच्या तळहाताच्या जागी बर्फावर ओला ठसा होता. तो बघता बघता पुन्हा गोठला. नुपूरने त्याचे बूट उचलून आणले होते. ते तिने त्याच्यासमोर ठेवले आणि तिथेच उभी राहिली. बाकीच्या पोरींना तिने इंग्रजीत काहीतरी सांगितलं, अगदी थोडं. मैमुनाने डोक्यावरचा करंडक खाली घेतला. फोटो कुणी काढला नाही.

परतीच्या वाटेवर ऊन काचांतून आत घुसलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तरी बस भट्टीसारखी तापली होती. मच्छिंद्रचे ओले पाय बुटांत अजून गार होते. त्याने एसी लावला नाही. वीस पोरी घामाने निथळत, मांडीवर हेल्मेटं घेऊन बसून राहिल्या. एसी लावा असं कोणीच म्हणालं नाही.